दौंड पॅसेंजर, उतरा केडगावला!

सकाळी साडेआठला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून घरातून निघाले. नेहमीसारखीच. फरक एवढाच, की बॅगेत लॅपटॉप नव्हता. तो कंपनीने सात आठवड्यांपूर्वीच आयडी कार्डासकट परत घेतला होता. घरी मात्र कुणालाच पत्ता नाही. सात आठवडे मी रोज ऑफिसला ‘जात’ होते! कॉफी शॉप, मॉल, पुन्हा कॉफी शॉप.

त्या दिवशी कॉफीचाही कंटाळा आला. सरळ पुणे स्टेशन गाठलं आणि दौंडच्या पॅसेंजरमध्ये बसले. हडपसर, लोणी, उरुळी, यवत... बिल्डिंगा संपल्या, ऊस सुरू झाला. केडगावला उतरले.

केडगावच का? आम्ही मराठी ख्रिस्ती. आजीच्या कपाटात पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल असायचं आणि तिचा फंडा ठरलेला, ‘फार रडू आलं की रमाबाई आठवायची.’ मी आपली नाताळ-ईस्टरवाली. ‘जॉब कसा चाललाय?’ असं कुणी विचारेल म्हणून हल्ली तेही नको वाटायचं.

विचारत विचारत रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गेटवर पोहोचले. एक वयस्कर मावशी बाहेर आल्या. ‘सलाम,’ म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या.

रमाबाईंचा बायोडेटा आपल्याला पाठ असतो : संस्कृत पंडिता, समाजसुधारक. त्यातली दुःखाची पानं मात्र आपण गाळतो. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ. १८८२मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना ख्रिस्ती सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. अशा बायकांनाही जवळ करणारा ख्रिस्त त्यांना तिथे भेटला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गदारोळ झाला!

म्हणून पुढे सगळं छान छान झालं? अजिबात नाही. पण १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः उपासमार भोगलेली ही बाई तिकडे गेली आणि सुमारे ३०० मुली-बायकांना आसरा देऊन घेऊन आली. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना टाकला. साध्या बायकांना समजेल असं बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतराचे खिळे मुलींनीच जुळवले. १९२१मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४मध्ये.

मला वाटायचं, देवावर विश्वास म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ची गॅरंटी. इथे तर दर काही वर्षांनी माणूस गमावलेली बाई होती. तिला गॅरंटी नव्हती, सोबत होती. तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागत होती.

चर्चमध्ये बसलो असताना मावशींनी विचारलं, ‘काय करतेस गं?’

सात आठवड्यांत पहिल्यांदा खरं बोलले. ‘नोकरी गेलीय. घरी सांगितलं नाही.’

मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. त्या म्हणाल्या, ‘नाव सांग. संध्याकाळच्या प्रार्थनेत घेते.’ बस्स. मी रडले. भरपूर रडले. मग त्यांनी चहा दिला.

रात्री मम्मीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आधी जेव.’ जेवणाआधीची प्रार्थना एरवी तीच करते. त्या दिवशी मी केली. नोकरी मागायची होती. पण तोंडातून आलं ते ‘थँक यू.’

नोकरी लगेच मिळाली नाही, पुढे पाच महिने लागले. पण बॅग घेऊन खोटं खोटं बाहेर पडणं दुसऱ्याच दिवशी बंद झालं.

कसं जाल? : पुण्याहून दौंडकडे जाणारी, केडगावला थांबणारी गाडी पकडा. मिशनमध्ये मुली-बायका राहतात, तेव्हा माझ्यासारखं अचानक धडकू नका, आधी विचारून जा. परतताना एखादं गुऱ्हाळ दिसलं तर गरम गूळ सोडू नका!