शीड केवढें असावें?

शर्यतीच्या होडीविषयीं बोलणें निघालें कीं लोक प्रथम तिचा वेग विचारतात. ती आवरतां येते कीं नाहीं, हा प्रश्न भित्र्यांचा समजला जातो. आमच्या मतें हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडतांच येत नाहींत.

एकट्यानें हांकावयाची लेझर ही लहान होडी घ्या. कॅनेडियन आरेखक ब्रूस कर्बी यांनीं रचलेली ही होडी १९७१ सालीं बाजारांत आली व १९९६ पासून ऑलिंपिक शर्यतींत आहे. अलीकडे तिला आयएलसीए म्हणतात. लांबी सव्वाचार मीटरांहून किंचित् कमी, वजन सुमारें ५९ किलो. होडी एकच, शिडें मात्र तीन, सुमारें ७, पावणेसहा आणि ४.७ चौरस मीटरांचीं.

मोठें शीड अधिक वारा धरतें, हें खरें. परंतु वारा होडीस पुढें ढकलतो, तसाच आडवीही पाडूं पाहतो. तिला उभी ठेवण्यास आंत बसणाऱ्याजवळ स्वतःच्या देहाचा भार तेवढा असतो. पट्ट्यांत पाय अडकवून तो काठाबाहेर पाठ झोकून देतो. तो भार अपुरा पडला कीं होडी कलते आणि वाऱ्याच्या तोंडाकडे वळूं लागते. तिला सरळ ठेवण्यास सुकाणूं तिरपें धरावें लागतें, आणि तिरपें सुकाणूं पाण्यांत अडसर होतें. शेवटीं दोर सैल सोडून वारा वायां दवडावा लागतो. हलक्या माणसाचें मोठें शीड म्हणजे उधळ्याची मिळकत. आली तशी गेली. मंद वाऱ्यांत मात्र हिशेब उलटतो. तेथें लहान शीड खरोखरच मागें पाडतें.

मुंबईस राहणारी आमची भाची सर्वांत लहान शिडावर शर्यती करते. तिच्या मैत्रिणी मधल्या शिडाकडे वळल्या. हिचें वजन तेवढेंच राहिलें. "मामा, या शिडाची आतां लाज वाटते," असें म्हणून ती होडीच सोडावयास निघाली होती. आम्हीं तिला २०२३ च्या हांगझौ येथील आशियाई खेळांची आठवण दिली. तेथें विष्णु सरवणन यांनीं सर्वांत मोठ्या शिडावर कांस्यपदक मिळविलें आणि नेहा ठाकूर यांनीं सर्वांत लहान शिडावर रौप्यपदक.

निर्णय तिच्यावरच सोपविला आहे. एवढेंच सांगितलें कीं, भर वाऱ्यांत मैत्रिणीचें शीड एक दिवस मागून घे, आणि दोर कितीदां सैल सोडावा लागतो तें मोजून ये.