खानावळ काढणाऱ्या वहिनींना

ती. सौ. वहिनींस,


तुमचं पत्र पोचलं. इथल्या स्टँडसमोरचा गाळा बघून ठेवल्याचं दादानं फोनवर सांगितलं होतं, पण खानावळ तुम्ही चालवणार आणि तो फक्त बाजारहाट बघणार, हे तुमच्या पत्रातूनच कळलं. फार आनंद झाला. "भाऊजी, तुम्ही तिथं रोज बाहेर जेवता, लोकांची तक्रार काय असते ते खरंखरं कळवा," असं तुम्ही लिहिलंय. बदली होऊन आल्यापासून माझं दोन्ही वेळचं जेवण या गावातल्या खानावळींतच होतं, तेव्हा पाहिलं तेच लिहितो. नावं लिहीत नाही. तुम्हाला त्यांच्याच शेजारी धंदा करायचाय.

मी ज्या खानावळीचा मेंबर आहे, तिथं वरण सकाळी एकदाच शिजतं. दुपारी ते बरं असतं. रात्री नऊला गेलं की त्यातच गरम पाणी ओतलेलं असतं, वर लाल तेलाचा तवंग दिसतो आणि खाली डाळ वेगळी, पाणी वेगळं झालेलं असतं. भात वरून वाफाळतो, मधे गार लागतो. कारण तो दुपारचाच असतो, वर फक्त पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलेलं. भाजी बहुतेक बटाट्याची. मेथी, शेपू, घोळ, चाकवत मंडईत ढिगानं येतात, पण निवडायला माणूस लागतं, म्हणून त्या खानावळीच्या दारातून आत येतच नाहीत. लोणच्याची फोड मात्र न चुकता असते, कारण ते डब्यातून येतं.

महिन्याचं जेवण सोडून कार्डावरची भाजी मागवावी तर तिथं वेगळीच गोष्ट. कार्डावर चाळीसेक भाज्यांची नावं. एकदा हात धुवायला मागं गेलो तेव्हा भटारखान्यात तीन मोठे डबे दिसले. एकात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यात मगज आणि थोड्या काजूची पांढरी. या तिघींत पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकले की दुसरं, उकडलेल्या भाज्या टाकल्या की तिसरं. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतही ग्रेव्ही आधी करून ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण इथं ती कधी केली हे कुणालाच सांगता येत नाही. चमचा तोंडात गेला की आंबूस वास येतो आणि तो झाकायला तिखट वाढवलेलं असतं. पनीरचीही तीच गत. दातांखाली रबरासारखं लागतं. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही, असा नियम आहे. तो इथं कुणी कुणाला विचारत नाही.

मला सर्वांत जास्त लागतं ते भाकरीचं. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा इथल्या पंचायत समितीच्या भिंतीवरही ज्वारीच्या कणसाचा फलक लागला होता. आणि त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या खानावळीत भाकरी मागितली की उत्तर येतं, "तंदूर रोटी आहे, बटर की प्लेन?" मैद्याची रोटी, पाच मिनिटांत वातड होणारी.

मालकाला मी एकदा सरळ कारण विचारलं. ते म्हणाले, भाकरी थापायला बाई मिळत नाही, आणि मिळाली तरी पीठ टिकत नाही. दुसरी गोष्ट खरी आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी परातीतच तुटते. दर दोन-तीन दिवसांनी गिरणीत जावं लागतं. मैद्याचं पोतं महिनाभर कोपऱ्यात पडून राहिलं तरी चालतं, आणि तंदूरवर एक पोरगा शंभर माणसांना पुरतो. हिशेब त्यांच्या बाजूनं बरोबर आहे. खाणाऱ्याच्या बाजूनं तो कुणी मांडलेला नाही.

त्या बाजूचं एकच सांगतो. बाजारच्या दिवशी तहसीलला आलेले एक आजोबा माझ्या समोरच्या बाकावर बसले. सातबाऱ्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. त्यांनी भाकरी विचारली, नाही म्हटल्यावर "मग काय असंल ते द्या" म्हणाले. रोटी आली. पुढचे दात नव्हते. त्यांनी ती वरणात बुडवली, थोडा वेळ थांबले, पुन्हा बुडवली. वरण संपलं तेव्हा वाटी पुढं केली, तर पोरगा म्हणाला, "एक्स्ट्राचे वीस." आजोबांनी वाटी मागं घेतली. पाण्यात भिजवून अर्धी रोटी खाल्ली. उरलेली ते फडक्यात बांधत होते, तोवर पोरानं ताट उचललं आणि शेजारचं टेबल ज्या ओल्या फडक्यानं पुसलं होतं, त्यानंच त्यांच्यापुढचं टेबल पुसायला घेतलं. माझं वरण मी त्यांच्याकडे सरकवलं, पण ते हात जोडून उठले होते. पूर्ण थाळीचे पैसे देऊन गेले. गल्ल्यावरच्या माणसानं नोटा मोजल्या, मान वर केली नाही.

वाढणाऱ्या पोरांवर मी रागावलेलो नाही. ती सकाळी सातला उठतात, रात्री अकराला झाडून-पुसून याच बाकांवर झोपतात. कुणी बिहारचं आहे, कुणी नांदेडकडचं. टीव्हीवर नजर लावून वाढतात, चार वेळा हाक मारावी लागते, आमटीच्या वाटीत अंगठा बुडलेला असतो. पण त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि त्यांचं स्वतःचं जेवण सगळं आवरल्यावर, उरेल त्यातून. ज्याला कुणी वेळेवर वाढलं नाही, तो दुसऱ्याच्या ताटाकडे काय बघणार? दोष गल्ल्याचा आहे. मालक दिवसभर तिथून उठत नाहीत. एक फेरी मारून, काय हवं-नको विचारून परत बसले असते, तरी निम्म्या तक्रारी राहिल्या नसत्या.

"एवढ्या पैशात एवढंच मिळणार" हे इथलं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. 26 जानेवारी 2020 ला सरकारनं शिवभोजन थाळी सुरू केली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. इथल्या केंद्रावर मी जेवलोय. सरकार अनुदान देतं हे खरं, पण तिथं वाढणाऱ्या मावशी "भात घालू का अजून?" असं विचारत होत्या, आणि विचारायला अनुदान लागत नाही.

दादाला कर्जाची धास्ती वाटते असं तुम्ही लिहिलंय. त्याला प्रेमा पुरव यांची गोष्ट सांगा. मुंबईच्या गिरणगावात बायका घरातच चूल मांडून गिरणी कामगारांना जेवू घालायच्या आणि किराण्याच्या उधारीत, सावकाराच्या व्याजात बुडायच्या. 1975 साली प्रेमाताईंनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांकडे ना दागिना होता ना जमीन. रोज वेळेवर जेवण देण्याची सवय तेवढी होती. तुमच्याकडे तीही आहे आणि गाळाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बिलावर छापावा लागतो, परवाना दिसेल असा लावावा लागतो. गॅस धंद्याचाच, 19 किलोचा घ्या. घरातलं 14.2 किलोचं सिलिंडर दुकानात चालत नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरायचं नाही, 2018 पासून त्याला मर्यादा घातलेली आहे, आणि मर्यादा नसती तरी तुम्ही ते वापरलं नसतंत.

कार्डावर चाळीस भाज्या घेऊ नका. रोज एक पालेभाजी, एक कडधान्य, शेंगदाण्याची चटणी, बाजारच्या दिवशी बाजार आमटी, थंडीत शेंगोळे किंवा हुलग्याचं माडगं. एवढंच करा, पण गरम करा. भाकरी थापायला दोन बायका लागतील. त्यांना चांगला पगार द्या, भाड्यात नाहीतर रंगकामात काटकसर करा, पण तिथं नको. पोरं ठेवलीत तर त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी जेवू घाला. दुसऱ्यांदा वरण मागणाऱ्याकडून पैसे घेऊ नका.

गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी मात्र एक करा. दादाला घेऊन बाजारच्या दिवशी इकडे या. दुपारी एक वाजता मी सांगतो त्या दोन खानावळींत बसा, एका ठिकाणी थाळी मागवा, दुसऱ्या ठिकाणी भाकरी मागून बघा, आणि आजूबाजूला जेवणाऱ्यांच्या ताटात काय उरतं ते नीट पाहा. मग डिपॉझिट द्या, आणि पाडव्याच्या आत सुरू करा. पहिला मेंबर मी आहे, महिन्याचे पैसे आगाऊ देईन, आणि आमच्या ऑफिसातले बरेच जण विचारतायत.

दादास सा. न., मुलांना आशीर्वाद. कळावे.

आपला,
धाकटा दीर