सुमोचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, रूळ काही पडले नाहीत. त्यामुळे आमच्याकडे घरची गाडी हा शौक नाही. मोठ्या दवाखान्यासाठी छत्रपती संभाजीनगर, रेल्वे पकडायला जालना नाहीतर मलकापूर, दर्शनाला शेगाव, सोयाबीनच्या दिवसांत शेत आणि बाजार समिती, सगळं गाडीवरच. आमची गाडी म्हणजे २००३ ची टाटा सुमो, एमएच २८ पासिंगची, वडिलांनी घेतलेली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून गाडीचं नाव ठेवलं, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, तेव्हा बऱ्याच जणांनी गाडी मोडीत काढायला सुचवलं. मी काढली नाही. इंजिन ठणठणीत होतं. गळत होतं ते फक्त पाणी.

ती गळती मात्र फार चिवट निघाली. सकाळी रेडिएटरची बॉटल पाहावी तर पातळी खाली गेलेली. गाडीखाली ओल नाही, थारोळं नाही. चिखली घाटावर, खामगाव घाटाखाली. अमडापूर, उंद्री करत खाली उतरलं की हवाच बदलते. मे महिन्यात खामगाव-अकोला पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि परतीला भरल्या गाडीनिशी तो चढ चढायचा असतो. अशा वेळी गरमीचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकायला लागला, की मागच्या सीटवर आई बसलेली असताना जीव थाऱ्यावर राहत नाही. चढावर थांबायचं, बोनेट उघडायचं, इंजिन निवेपर्यंत झाडाची सावली शोधायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात-तोंड भाजलेली माणसं आमच्या भागात प्रत्येक गॅरेजवाल्याने पाहिलेली आहेत, म्हणून घाई करायची नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुरुस्त्या होत गेल्या. आधी वरचा-खालचा होज पाइप बदलला, नव्या क्लिपा लागल्या. मग प्रेशर कॅप. मग रेडिएटर उतरवून रॉडिंग करून आणला, दोन जागी डाख लावला. मग वॉटर पंप. गंमत अशी, की प्रत्येक कामानंतर आठ-पंधरा दिवस पाणी जागच्या जागी राहायचं. ज्याने शेवटचा पाना लावला त्याला वाटायचं दुखणं आपणच काढलं, मलाही तसंच वाटायचं. मग पुन्हा बॉटल रिकामी. एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली, तीही टाकून पाहिली. हा इलाज आपल्याकडच्या हायवेवर जुना आहे आणि खोटाही नाही. हळदीची पूड पाण्यासोबत फिरते, बारीक भोकाशी जाऊन फुगते आणि तिथे बूच बसतं. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या जाळीतही बसते. रात्री-बेरात्री रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरती हळद टाकावी. ती दुरुस्ती मानू नये, या मताचा मी आहे.

शेवटी मेहकर फाट्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. पाना हातात घेण्याआधी ते बराच वेळ नुसते विचारत राहिले. पाणी चालताना जाते की उभ्या गाडीत? रात्री की दिवसा? काटा कुठं चढतो? धूर पांढरा येतो का? मी आजवर झालेल्या कामांची यादी सांगितली, तर म्हणाले, "सर, एवढं सामान बदललं, पण पाणी कुठून जाते हे कोणी पाह्यलंच नाही. आधी ते पाहू, मग काय बदलायचं ते ठरवू."

त्यांनी पहिल्यांदा हेड गॅस्केटची शंका मिटवली, कारण ती खरी निघाली असती तर खर्च फार मोठा होता. कॅप काढून इंजिन थंड असतानाच सुरू केलं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. ऑइलची कांडी काढून बोटांवर चोळली. हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरलं, तर ऑइल दुधाळ, खाकी होतं. आमचं काळंच होतं. धुरालाही पांढरेपणा नव्हता. "पाणी आत जात नाही, बाहेरच जाते. रात्रभर गाडी इथंच राहू द्या," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन अगदी गार असताना, रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी हातपंपासारखं एक यंत्र बसवलं. त्याला दाब दाखवणारा घड्याळासारखा काटा होता. ते हळूहळू दाब देत गेले आणि कॅपवर लिहिलेल्या ०.९ बारपर्यंत आल्यावर थांबले. चालत्या इंजिनमध्ये पाण्यावर जवळपास एवढाच दाब असतो. त्या दाबामुळेच पाणी उकळायला जास्त उष्णता लागते. साधं पाणी चिखलीच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळेल, पण दाबाखाली आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असलं तर १२० अंशांपर्यंत टिकतं. म्हणून नुसती कॅप ढिली असली तरी गाडी गरम होते. आता या यंत्राने तोच दाब गार इंजिनवर दिला होता. फरक एवढाच की गरम इंजिनवर पडलेला थेंब क्षणात वाळून जातो, गार इंजिनवर तो थेंबच राहतो.

काटा थोडा वेळ जागेवर राहिला आणि मग खाली यायला लागला, अगदी सावकाश. मिस्त्री गाडीखाली पाठीवर झोपले. हातात बॅटरी आणि स्कूटरचा जुना आरसा. सेल्फच्या मागे, मॅनिफोल्डच्या खाली, जिथे सरळ नजर पोहोचतच नाही, तिथे त्यांनी आरसा तिरका धरला आणि मला खाली बोलावलं. आरशात रुपयाच्या नाण्याहून मोठी, वाटीसारखी खोलगट पत्र्याची चकती दिसत होती. तिच्या खालच्या कडेला हिरवट-पांढरी खपली साचली होती आणि त्या खपलीतून एक थेंब फुगत होता. फुगला, ब्लॉकवरून ओघळला आणि बेल हाउसिंगच्या सांध्यात शिरून दिसेनासा झाला. इतके दिवस ज्याचा शोध चालला होता तो हाच. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो नवीन गाडी घेतानाही झाला नसता.

त्या चकतीला कोअर प्लग म्हणतात. इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा आतली पाण्याची पोकळी तयार व्हावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू काढण्यासाठी ब्लॉकला भोकं राहतात, आणि ती भोकं पुढे या पातळ पोलादी वाट्यांनी बंद करतात. वाटीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. एका बाजूला सतत पाणी. त्या पाण्यात गंजरोधक कूलंट असेल तर तो पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. नुसतं बोअरचं पाणी असेल तर आतून क्षार धरतो, क्षाराखाली गंज लागतो, आणि एक दिवस सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. हे भोक कधी गंजाच्या कपचीने बंद होतं, कधी क्षाराने, आमच्या बाबतीत हळदीनेही. प्रत्येक दुरुस्तीनंतर गळती आठ-पंधरा दिवस का थांबायची, याचं उत्तर त्या आरशात होतं. दर वेळी रेडिएटर रिकामा करून भरताना आतला गाळ हलायचा आणि भोकात जाऊन बसायचा. नवा पंप, नवे पाइप यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

काम दिसायला छोटं, पण जागा अडचणीची. पाणी काढलं, सेल्फ उतरवला. मिस्त्रींनी प्लगच्या एका कडेवर पंच ठेवून हलका घाव घातला. वाटी आतल्या आत आडवी फिरली, मग पकडीने धरून ओढून काढली. ती पोकळीत पडू न देणं हेच खरं कौशल्य, आणि ते पाहताना मी श्वास रोखून धरला होता. प्लग निघताच मागून लाल चिखल भळभळत आला. मी तो प्लग उन्हाला धरून पाहिला. बाहेरून धड दिसणारा पत्रा आतून कागदासारखा झाला होता.

भोकाची कड पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली, शेलॅक लावलं आणि नवा पितळी प्लग त्याच्या आत बसेल एवढ्या मापाची गोटी ठेवून हातोडीने सरळ ठोकत बसवला. पितळ का, तर ते गंजत नाही. "एक गेला म्हणजे बाकीच्यांचं वयही तेवढंच झालं," असं म्हणून त्यांनी हाताला लागणारे बाकीचे प्लगही बदलायला सांगितले. मी लगेच हो म्हटलं. सामान स्वस्तात येतं, पैसा लागतो तो उकल-जोड करण्याचा, आणि उकल आधीच झालेली होती.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. कधीतरी, कुणीतरी "आपल्या गरमीत कशाला पाहिजे" म्हणून काढून टाकला होता. हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे, हे मी ठामपणे सांगतो. थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर आपल्या कामाच्या उष्णतेला येतं. तो काढला की थंडीच्या दिवसांत डिझेल इंजिन कितीतरी किलोमीटर थंडच धावतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. नवा बसवला.

मग ब्लॉकमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणं चाललं. भरताना निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर चालू ठेवून, वरचा पाइप हाताने दाबत आत अडकलेली हवा काढली. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरलं. शेवटी तेच यंत्र पुन्हा लावलं. चहा येऊन, पिऊन झाला तरी काटा तसूभर हलला नाही. त्यानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. बॉटलमधली पातळी खुणेवर आहे.

एक विनंती, विशेषतः खेड्यावर गाडी ठेवणाऱ्यांना. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर असतं आणि जनावरं ते चाटतात. थोड्या प्रमाणातही त्याने कुत्र्या-मांजरांचे मूत्रपिंड निकामी होऊन जीव जातो, वासरं-शेळ्यांनाही ते विषच आहे, आणि लहान मुलांनाही. काढलेलं हिरवं पाणी गोठ्याच्या बाजूला, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. सांडलं तर लगेच माती टाकून उचला आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. आणि गाडीचं पाणी कमी होत असेल तर नवं सामान आणायच्या आधी गार इंजिनवर दाब देऊन पाहणारा मिस्त्री शोधा.