वडिलांचं संमतीपत्र

नोकरी करणाऱ्या, स्वतःचा आयकर स्वतः भरणाऱ्या बाईला भाड्याने घर देताना तिच्या वडिलांचं संमतीपत्र मागितलं जातं, ही गोष्ट मला आजही खुपते. पुण्यात एकटी राहणारी, लग्न न झालेली भाडेकरू म्हणून मी हे लिहिते आहे. पण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. मुलींनी शिकणं, नोकरीसाठी गाव सोडणं, लग्न पुढे ढकलणं किंवा नकोच म्हणणं, हे आता घरोघरी दिसतं. २०११च्या जनगणनेत अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता मिळून सात कोटींहून अधिक एकट्या स्त्रियांची नोंद झाली आणि आधीच्या दशकाच्या तुलनेत ती वाढ सुमारे ३९ टक्के होती. आपल्या समाजाने या बाईचा पगार स्वीकारला, तिने घरी पाठवलेले पैसे स्वीकारले, तिच्या नावाची गाडी स्वीकारली. तिच्या हातात घराची किल्ली द्यायची वेळ आली की मात्र मधे कुणीतरी पुरुष उभा करावा लागतो, असं माझं म्हणणं आहे.

या पत्राचा उपयोग काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १८७२च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षं पूर्ण झालेली, सुबुद्ध व्यक्ती करार करू शकते. त्यासाठी आईवडिलांची परवानगी लागत नाही. बँक तिला तिच्या पगाराच्या स्लिपा पाहून कर्ज देते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्या नोंदणीत अंगठा तिचा, आधार तिचं, मुद्रांक शुल्कातला वाटाही बहुतेकदा तिचाच. भाडं थकलं तर डिपॉझिटमधून कापता येतं. नळ तुटला, भिंत खराब झाली तर तेही त्यातूनच वसूल होतं. वडिलांनी नुसती संमती कळवली म्हणून त्यांच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही, कारण ती हमी नसते. म्हणजे पैशाच्या दृष्टीने हा कागद कोरा आहे. तरी तो आग्रहाने मागतात, कारण त्यावर एक फोन नंबर असतो. रात्री उशिरा परतली, मित्र घरी आला, गच्चीवर हसण्याचा आवाज झाला, तर तिच्याशी बोलण्याऐवजी गावाकडे फोन करता यावा, यासाठी तो नंबर हवा असतो. वयाच्या तिशीकडे झुकलेल्या माणसाची तक्रार त्याच्या वडिलांकडे करणं हा त्या माणसाचा अपमान आहे. तो अपमान काळजी म्हणून केला जातो, याचाच मला जास्त राग येतो.

ही रीत कुठून आली तेही समजून घ्यायला हवं. १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला, आजच्या कर्वेनगरच्या भागात, नेला. त्या काळी घराबाहेर पडलेल्या बाईला छप्पर मिळायचं तर समाजाला देखरेखीची खात्री द्यावी लागे. त्याशिवाय आश्रमाला ना माणसं मिळाली असती ना देणग्या. तडजोड असली तरी तिने हजारो बायकांना शिकवलं, म्हणून तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण संकटातल्या बाईला आसरा देण्याची ती रचना आज सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसपासून हिंजवडीच्या पीजीपर्यंत, भाडं मोजणाऱ्या ग्राहकाला लावली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी विनियमांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत. शिकणाऱ्या मुलीला कागदावर तरी हे संरक्षण आहे. तीच मुलगी नोकरीला लागून खासगी पीजीत गेली की हा नियम तिला लागू होत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं की घर मालकाचं आहे, त्याने कुणाला द्यावं तो ठरवेल. हे मला मान्य आहे, आणि कायदाही बऱ्याच अंशी त्याच्याच बाजूचा आहे. घटनेचं कलम १५ मुख्यतः शासनाला बांधतं, खासगी घरमालकाला नाही. पण पुष्कळदा मालक तयार असतो आणि सोसायटीची कमिटी आडवी येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवणं पुरतं. बिनवहिवाट शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं. मग ‘फॅमिलीलाच’ असा ठराव कमिटी कशाच्या आधारावर करते? मुलग्यांनाही घर नाकारतात, असंही सांगतात. खरं आहे. पण मुलगा गोंधळ करील म्हणून त्याला नाकारतात आणि मुलीला चारित्र्यावरून नाकारतात. हे दोन नकार सारखे नाहीत. त्यात आडनाव मुसलमान किंवा दलित असेल तर बोलणं फोनवरच संपतं.

दुसरं उत्तर सुरक्षिततेचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत स्त्रियांवरच्या गुन्ह्यांतला सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षं पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा आहे, आणि बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. कुटुंबात राहणारी बाई आपोआप सुरक्षित असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. मात्र सुरक्षिततेची सगळीच भाषा ढोंगी आहे, असंही मला म्हणता येत नाही. आजारपणात दार ठोठावणारी शेजारीण आणि आलेला माणूस ओळखीचा आहे ना, हे विचारून घेणारा वॉचमन मला हवेच आहेत. ज्या डोळ्यांचा जाच होतो त्याच डोळ्यांचा आधारही वाटतो, हा गुंता माझ्याकडून अजून सुटलेला नाही. एवढं कळतं की आधार देणारा माणूस विचारतो तेव्हा मला विचारतो, वडिलांना नाही.

एकट्या राहणाऱ्या मुलींनीही थोडं कठोर व्हायला हवं. घर मिळवायच्या घाईत आपण करार वडिलांच्या नाहीतर भावाच्या नावावर करू देतो, आणि मग घरभाडे भत्त्याच्या सवलतीपासून डिपॉझिट परत मागण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी आपलं नाव नसल्याने अडतो. करार आपल्याच नावावर करा, भाडं आपल्याच खात्यातून द्या, पाहुण्यांबद्दलच्या आणि वेळेबद्दलच्या अटी सहीच्या आधी लेखी मागा. पुष्कळ अटी लिहून द्यायची वेळ आली की मागे घेतल्या जातात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांना माझी विनंती आहे: येत्या वार्षिक सभेत आपल्या संस्थेचे उपविधी काढून वाचा, आणि भाडेकरूंबद्दलचा जो ठराव त्यांत बसत नाही तो रद्द करा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचीच असते, ती सगळ्यांची सारखी द्या. वडिलांचं पत्र मागणं बंद करा.