पेकनचा गर, वरून पिठीसाखर

पेकन फोडला की गराच्या दोन फोडी निघतात आणि त्यांच्या मधोमध एक तपकिरी, ठिसूळ पडदा असतो. बराचसा पडदा टरफलाबरोबर सुटून येतो, पण त्याचे बारीक कण गराच्या खाचांमध्ये अडकून बसतात. एक कण जिभेवर ठेवून पाहावा. आधी काहीच लागत नाही, मग तोंड तुरट होतं आणि मागून कडवटपणा थेट घशापर्यंत उतरतो. दरवर्षी नाताळाच्या आधी मी पिठीसाखरेत घोळवलेल्या पेकनच्या कुकीज करते तेव्हा माझा निम्म्याहून जास्त वेळ हे कण दातकोरणीने उकरण्यात जातो. या कुकीची चव तिथेच ठरते, ओव्हनमध्ये नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी टेक्सासात, सॅन अँटोनिओला राहते. इथल्या मेक्सिकन बेकऱ्यांमध्ये या कुकीज बारा महिने मिळतात. कुणी त्यांना पोल्वोरोनेस म्हणतं, कुणी वेडिंग कुकी. अमेरिकेत इतरत्र जवळपास याच कुकीला रशियन टी केक किंवा स्नोबॉलही म्हणतात. डिसेंबरात मात्र त्या घरोघरी होतात आणि तमालेंच्या पुडक्यांबरोबर शेजारीपाजारी जातात. जिन्नस मोजकेच: लोणी, मैदा, पिठीसाखर, पेकन, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. लपायला जागाच नसलेला हा पदार्थ आहे. खवट गर, कडू कण, जुनं लोणी, काहीही असलं तरी पहिल्या घासाला कळतं.

पेकन हे इथलंच झाड. टेक्सासातल्या नद्यांच्या काठी ते आपोआप उगवतं आणि १९१९पासून ते या राज्याचं अधिकृत झाड आहे. रानटी झाडांची फळं लहान आणि जाड टरफलाची. बाजारात दिसणारे मोठे, पातळ टरफलाचे पेकन कलमांमुळे आले आणि पेकनचं पहिलं यशस्वी कलम बांधण्याचं श्रेय जातं ते लुईझियानातल्या ओक अॅली मळ्यावर गुलामगिरीत असलेल्या अंत्वान नावाच्या माळ्याला. ही १८४०च्या दशकातली गोष्ट. आज दुकानातली पिशवी उघडताना त्याचं नाव कुणाच्या मनात येत नाही. माझ्या येतं.

आमच्या शेजारच्या आजींच्या अंगणात असं एक जुनं रानटी झाड आहे. फळं पडू लागतात ती नेमकी दिवाळीच्या सुमाराला. आमच्याकडून फराळाचा डबा जातो, तिकडून पेकनची पिशवी येते. पडदा कसा काढायचा हे मला त्यांनीच दाखवलं. गराची फोड पालथी धरायची नाही, उताणी धरायची आणि अंगठ्याचं नख खाचेतून टोकाकडे ओढायचं. जे नखाला येत नाही ते काडीने. त्यांची ही सफाई घरातली आहे, कारण त्यांची आई पेकन फोडण्याच्या शेडमध्ये कामाला होती.

त्या शेड्सबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९३०च्या दशकात पेकन सोलण्याच्या धंद्याचं मोठं केंद्र सॅन अँटोनिओ होतं आणि ते काम शहराच्या पश्चिम भागातले मेक्सिकन वंशाचे कामगार करत, त्यातही बायका फार. कोंदट जागा, हवेत टरफलांची तपकिरी धूळ, वस्तीत क्षयरोग आणि आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर. जानेवारी १९३८च्या शेवटी मजुरीत आणखी कपात झाली तेव्हा सुमारे १२,००० कामगार संपावर गेले. एकवीस वर्षांची एमा तेनायुका त्यांच्या पुढे उभी होती. संप काही आठवड्यांनी लवादाकडे गेला. त्याच वर्षी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा केंद्रीय कायदा झाला. मग मालकांनी यंत्रं आणली आणि हजारोंच्या हातचं काम गेलं. एका पौंडामागे काही सेंट मिळवण्यासाठी त्या बायकांनी जो पडदा दिवसभर टिपला, तो मी माझ्या स्वयंपाकघरात बसून, चहा घेत टिपते. निदान तो नीट टिपावा, घाई करू नये, एवढं मला वाटतं.

गर निवडून झाला की भाजायचा. १७५ अंश सेल्सिअसला सात-आठ मिनिटं पुरतात. घड्याळापेक्षा नाकावर भरवसा ठेवावा: खमंग वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला की ताट बाहेर. पेकनमध्ये शंभर ग्रॅमला सुमारे ७० ग्रॅम तेल असतं, त्यामुळे भाजणीची पुढची दोन मिनिटं घात करतात. आणि त्या तेलामुळेच गर पूर्ण गार होईपर्यंत त्याला मिक्सर दाखवू नये. कोमट गर फिरवला की तेल सुटून लगदा होतो. मी थोडा गर चमचाभर मैद्याबरोबर फिरवून त्याची जाडसर पूड करते आणि उरलेला सुरीने चिरते. पूड कुकीला खुसखुशीत करते, तुकडे दाताखाली येतात. दोन्ही हवेत.

पीठ भिजवण्याची रीत मला इथे नव्याने शिकावी लागली नाही. लहानपणी दिवाळीत नानकटाईसाठी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायचं काम आम्हा मुलांकडे असे. मिश्रण पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. इथे तुपाऐवजी बिनमिठाचं लोणी, एवढाच फरक. २२५ ग्रॅम लोण्याला फक्त ६० ग्रॅम पिठीसाखर, मग २७० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम पेकन. साखर इतकी कमी का, असं पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण विचारतो. पिठात जास्त साखर पडली की कुकी पसरते, लवकर लाल होते आणि पेकनचा स्वाद गोडाखाली दबतो. या कुकीत गोडी वरून पांघरायची असते. मैदा पडल्यावर हात आवरायचा: लोण्यात पाणीही असतं, मळत राहिलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि मग वरची कितीही साखर त्याची भरपाई करत नाही.

लिंबापेक्षा लहान गोळे, अर्धा तास फ्रिजमध्ये, मग १७५ अंशाला बारा ते पंधरा मिनिटं. वरून त्या जवळजवळ पांढऱ्याच राहतात; तळ जेमतेम सोनेरी झाला की झाल्या.

पिठीसाखर दोनदा लावायची. ओव्हनमधून काढल्या काढल्या हात लावला तर कुकी बोटांतच भुगा होते, म्हणून पाचेक मिनिटं थांबावं. हाताला सोसवेल इतकी गरम असतानाच पहिल्यांदा घोळवायची. पृष्ठभागावरचं लोणी साखरेला धरतं, साखर किंचित ओलसर होऊन चिकटते, ठिकठिकाणी करडी दिसते. बघणाऱ्याला वाटतं बिघडली. तिला तशीच राहू द्यावी आणि पूर्ण गार झाल्यावरच दुसऱ्यांदा घोळवावी. आता साखर कोरडी बसते आणि तो दाट पांढरा थर येतो. दुसरा थर कोमट कुकीवर देण्याची घाई केली की डब्यात सगळं चिकट होतं, आणि गल्फकडून दमट वारा आला असेल तर आणखीच.

पुण्याहून भाचीने कृती मागवली तेव्हा तिला पेकनच्या मागे लागू नको असं सांगितलं. तिथे काश्मीरचा अक्रोड उत्तम मिळतो, नवा माल सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो आणि डिसेंबरला तो ताजा असतो. अक्रोडाची साल तुरट असते, म्हणून भाजून झाल्यावर स्वच्छ पंच्यात घालून चोळायचा, सुटेल तेवढी साल पाखडून टाकायची. लोणी बिनमिठाचंच घ्यायचं. अक्रोड घेताना दुकानदाराकडून एक फोड मागून चावून पाहायची आणि जरा जरी खवट लागली तरी त्या दुकानातून काही न घेता पुढे जायचं.