डहाणूची गाडी

विरार मागे पडले की डहाणूच्या गाडीचा स्वभाव पालटतो. तोवर इमारतींच्या भिंतींना खेटून धावणारी ती एकदम मोकळ्या आकाशाखाली येते. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या दरम्यान विस्तीर्ण खाडी लागते. पुलावर चाकांचा आवाज घुमू लागतो आणि पत्त्यांचा डाव मांडून बसलेले प्रवासीही क्षणभर मान वर करतात. खाडीच्या पात्रात वाढीव नावाचे बेट आहे. तेथील माणसांना बाहेर पडायचे तर होडी गाठायची, नाही तर जीव मुठीत धरून याच रेल्वेपुलावरून चालत यायचे.

हा लोहमार्ग पुरातनच म्हणावा लागेल. गुजरातेतून निघालेले रूळ १८६४ साली मुंबईला येऊन भिडले. परंतु मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली ती २०१३ साली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या गावात स्वातंत्र्यासाठी पाच जणांनी गोळ्या झेलल्या, तेथे आता जिल्ह्याची कचेरी आहे.

सकाळच्या वेळी पालघरच्या फलाटावर मोठी गंमत दिसते. एक गर्दी मुंबईकडे निघालेली, तर दुसरी बोईसरच्या कारखान्यांकडे. मालडब्यात मासळीच्या टोपल्या, भाजीचे भारे आणि त्यांच्या आधाराने बसलेल्या बायका.

“मावशी, टोपली जरा सरकवा,” कारखान्याचा डबा काखेत धरलेला तरुण म्हणतो.

“सरकवते रे बाबा! तिच्यावरच आमचं घर चालतं,” मावशी म्हणते आणि त्याला टेकायला जागा करून देते.

बोईसर जवळ येते तशी ताडांची रांग मागे पडते आणि विजेच्या तारा वाहणारे उंच मनोरे दिसू लागतात. येथून पश्चिमेला, समुद्राच्या काठी, तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. देशातील हे पहिलेच. युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर चक्रे फिरून वीज निर्माण होते. १९६९ साली येथून वीज मिळू लागली. ज्यांनी हे स्वप्न पाहिले ते डॉ. होमी भाभा मात्र तो दिवस पाहायला उरले नव्हते. १९६६ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता.

पुढे येथेच ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. मनोरे गाडीतून दिसतात. ही गावे दिसत नाहीत. समुद्रावर पोट असलेल्यांना समुद्रापासून दूर घरे मिळाली आणि न्याय्य मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. शेजारच्या औद्योगिक वसाहतीने हजारो हातांना काम दिले, हे खरे. पण कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी नाहीशी होते म्हणून मच्छीमारांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, हेही तितकेच खरे.

आता बोईसरजवळ आणखी एक रूळ येत आहे. महायुद्धात होरपळलेल्या जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका अशी ताशी २१० किलोमीटर वेगाची आगगाडी सुरू केली, तेव्हा सारे जग चकित झाले. त्याच धर्तीची गाडी मुंबई आणि अहमदाबाद यांमधील ५०८ किलोमीटरचा मार्ग कापणार आहे. तिच्या बारा स्थानकांत बोईसरही आहे. त्यासाठी पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत.

कोणी हौशी प्रवासी मालडब्यातही हा विषय काढतो. वेग, भाडे, बोगदे यांवर गप्पा रंगतात. मावशी शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, “तिच्यात टोपली घेऊन चढू देतील का रे?”

तरुण उत्तर शोधत असतो, तोच बोईसर येते. दारापाशी एकच झुंबड उडते. तो टोपलीचा एक कान धरतो, मावशी दुसरा धरते, आणि दोघे गर्दीबरोबर फलाटावर उतरतात.