मराठी कुठे शिकलात?

एका साहित्यिक कार्यक्रमात माझं भाषण संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो. कुठे शिकलात?" मी म्हटलं, "गावी." ते म्हणाले, "तसं नव्हे, घरी तर उर्दूच असेल ना?" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आम्ही चहा घेतला. परतीच्या एसटीत मात्र मला शेक्सपिअरचा कॅलिबन आठवत राहिला.

'द टेम्पेस्ट' आम्हाला एम.ए.ला होतं. १६११च्या सुमाराचं नाटक. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो गादी गमावून लहान मुलीसह एका बेटावर येऊन पोहोचतो, जादूच्या बळावर तिथला मालक होतो आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या कॅलिबनला लाकडं वाहायला लावतो. प्रॉस्पेरो म्हणजे ज्ञान आणि क्षमा, कॅलिबन म्हणजे माणसातलं पशुत्व, असं आम्हाला शिकवलं गेलं. पेपरात मीही तेच लिहिलं. मार्क चांगले पडले.

कॅलिबनची आई अल्जिअर्सची होती, हे तेव्हा वाचूनही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. सिकोरॅक्स तिचं नाव. नाटकात ती एकदाही रंगमंचावर येत नाही, कारण प्रॉस्पेरो येण्याआधीच ती मेलेली आहे. तरी ती दुष्ट चेटकीण होती हे तो ठासून सांगतो आणि आपण मान डोलावतो! शिवाय वादळात सापडलेलं जहाज येतंय कुठून, तर ट्युनिसहून. नेपल्सच्या राजाने आपली मुलगी तिथल्या राजाला दिली आहे. राजपुत्र बुडाला असं वाटताच राजाचा भाऊ त्याला टोमणा मारतो, की युरोप सोडून आफ्रिकेत मुलगी दिलीस, भोग आता. असे टोमणे मी हल्ली मराठीतही ऐकतो.

मार्टिनिक बेटावरचे कवी एमे सेझेर यांनी १९६९ साली हेच नाटक नव्याने लिहिलं. 'यून तांपेत', म्हणजे 'एक वादळ'. त्याचा पहिला प्रयोग झाला ट्युनिशियात, हमामेतच्या महोत्सवात. शेक्सपिअरने ज्या देशाचा नुसता उल्लेख केला होता, तिथे.

इथे कॅलिबन उघडच काळा गुलाम आहे आणि एरियल मिश्र वंशाचा, मालकाचं मन कधीतरी वळेल या आशेवर असलेला. कॅलिबन प्रवेश करतो तोच 'उहुरू' म्हणत. स्वाहिलीत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. शेक्सपिअरचा कॅलिबन म्हणतो, तुमच्या भाषेचा मला फायदा एवढाच, की शिव्या देता येतात. त्याआधी तो जे बोलायचा ती मिरांडाच्या कानांना नुसती बडबड होती. सेझेरचा कॅलिबन हिशोबच वेगळा मांडतो: हुकूम कळण्यापुरती भाषा मला दिलीस, पुस्तकातलं ज्ञान मात्र स्वतःजवळ ठेवलंस. आणि आई मेली हे त्याला मान्यच नाही. ही जमीन जिवंत आहे, म्हणजे तीही आहे.

तिथे मला माझी दादी आठवली. घरात आमची दखनी. पण त्या दखनीतला 'च' मराठीचा. 'वैसाच है', 'मैंच बोली' असं ती म्हणायची. पहाटे शेजारच्या पारूआत्यांबरोबर एकाच जात्यावर बसायची आणि ओव्या म्हणायची. कुठली ओवी कुणाची, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. दादीला अक्षरओळख नव्हती. तिला मराठी कुणी शिकवली? ज्यांनी पारूआत्यांना शिकवली, त्यांनीच. "कुठे शिकलात" या कौतुकाने माझ्याच घरातली वस्तू मला बक्षीस म्हणून परत मिळते. शिवी परवडली, तिला उत्तर देता येतं. कौतुकाला काय देणार?

सेझेरचा कॅलिबन दिलेलं नाव टाकून देतो आणि म्हणतो, मला एक्स म्हणा. रोख माल्कम एक्सकडे आहे. इथे मात्र माझी आणि त्याची वाट वेगळी होते. एका मित्राने मला टोपणनाव घ्यायचा सल्ला दिला होता, म्हणजे लोक आधी मजकूर वाचतील. मी घेतलं नाही. माझं नाव दादीने कानात सांगून ठेवलेलं आहे, ते कुणाच्या द्वेषातून आलेलं नाही.

सेझेरचं सगळंच मला पटतं असंही नाही. मिरांडावर हात टाकल्याचा आरोप त्यांचा कॅलिबन मालकावरच उलटवतो आणि मोकळा होतो, पण मिरांडाला कुणी विचारत नाही. बेटावरच्या नादांबद्दल कॅलिबन जे बोलतो ते शेक्सपिअरकडे जास्त सुंदर आहे. आणि खुद्द सेझेर लिहायचे फ्रेंचमध्ये. मार्टिनिकला फ्रान्सचा पूर्ण प्रांत करणारा १९४६चा कायदा संसदेत त्यांनीच मांडला होता. म्हणून मला ते अधिक जवळचे वाटतात. मालकाची भाषा इतकी अंगात मुरल्यावर माणूस काय करतो, हे त्यांना बाहेरून पाहावं लागलं नाही.

शेक्सपिअरचा प्रॉस्पेरो शेवटी सगळ्यांना क्षमा करून घरी परततो. सेझेरचा जात नाही. इतरांना बोटीत बसवतो आणि कॅलिबनसाठी मागे राहतो. म्हातारा होतो, थंडीने कुडकुडतो, रानातले प्राणी गुहेपर्यंत येतात. मालक तो, पण त्या गुलामाशिवाय त्याला आपण कोण हेच उमगेनासं झालेलं आहे. लांबून कॅलिबनचं गाणं ऐकू येतं.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या गावी कार्यक्रम ठेवायचा आहे, मी यावं. विषय माझ्यावर सोडला. मी म्हटलं, "जात्यावरच्या ओव्यांवर बोलतो."

"ओव्यांवर?" ते थोडं थांबून म्हणाले. "तुमच्यात असतात?"